‘साठ टक्के’ नेमके कशाचे? सीएलएलच्या उपचारानंतरचा एक अहवाल आणि त्याची उलटतपासणी

पार्श्वभूमी

रुग्ण ६३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे. मुलगा पुण्यात नोकरीला. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा बी पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. हे निदान आधीचंच होतं. काही वर्षं नुसती देखरेख चालली. मग हिमोग्लोबिन ९.४ वर आलं, प्लेटलेट ८८,००० झाल्या आणि लिम्फोसाइट दर मायक्रोलिटरला १,४२,००० वर गेले, तेव्हा उपचार सुरू झाले. प्लेटलेट एक लाखाखाली गेल्यामुळे राय वर्गवारीत चौथा टप्पा. १७पी डिलीशन, म्हणजे १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळणं, नव्हतं. हिपॅटायटिस बीची तपासणी करून ओबिन्युटुझुमॅब आणि व्हेनेटोक्लॅक्स ही ठरावीक मुदतीची जोडी दिली गेली. २८ दिवसांचं एक, अशी बारा आवर्तनं. ओबिन्युटुझुमॅब, म्हणजे बी पेशींवरच्या सीडी२० या खुणेविरुद्धची अँटिबॉडी, पहिल्या सहांतच असतं. व्हेनेटोक्लॅक्स पहिल्या आवर्तनाच्या २२ व्या दिवशी २० मिलिग्रॅमनं सुरू करून दर आठवड्याला ५०, १००, २०० आणि शेवटी ४०० मिलिग्रॅम असं चढवतात. पेशी भराभर फुटून पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड वाढू नये यासाठी ही सावधगिरी.

पुढचं सगळं समजायला निदानाच्या वेळचा पेशींचा ठसा, म्हणजे त्यांच्यावर कोणत्या खुणा (सीडी१९, सीडी५ वगैरे) किती ठळक होत्या ते, माहीत हवा. सीडी१९ आणि सीडी५ दोन्ही होते. सीडी२३ होता. सीडी२० मंद, सीडी७९बी मंद, सीडी८१ कमी, सीडी४३ स्पष्ट, सीडी२०० ठळक, एफएमसी७ नाही. पृष्ठभागावरचं इम्युनोग्लोबुलिन मंद आणि फक्त काप्पा; निरोगी बी पेशींच्या गर्दीत काप्पा आणि लॅम्डा हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. ठसा सीएलएलशी किती जुळतो ते सांगणाऱ्या मातुटेस गुणांकात पाचपैकी पाच. इतका पाठ्यपुस्तकी ठसा मिळणं हे नशीबच, कारण पुढे शोध घेताना काय शोधायचं ते पक्कं माहीत असतं.

उपचार संपले तेव्हा रक्तातल्या अवशिष्ट आजाराची, म्हणजे एमआरडीची, तपासणी झाली. ७,२०,००० पांढऱ्या पेशी मोजूनही सीएलएलच्या जागी वीस इव्हेंटचा (यंत्रानं नोंदलेल्या पेशींचा) पुंजका जमला नाही. अहवाल होता: आढळला नाही, शोधमर्यादा ०.००३ टक्के. दहा हजार पांढऱ्या पेशींत एकापेक्षा कमी सीएलएल पेशी, हा सर्वमान्य उंबरठा. त्याच्या बराच खाली.

अडचण

उपचार संपून चौदा महिने झाले, शेवटचं ओबिन्युटुझुमॅब घेऊन वीस. रुग्णाला थकवा जाणवू लागला. जिन्याचे दोन मजले चढले की बसावंसं वाटायचं. स्थानिक डॉक्टरांनी रक्ततपासणीसोबत “सीएलएलचं फ्लो” असं लिहून दिलं. फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्री, एकेक पेशी यंत्रातून नेऊन तिच्यावरच्या खुणा मोजणारी तपासणी. मागणीपत्रावर एवढंच होतं. औषध कोणतं घेतलं, कधी संपलं, मूळ ठसा काय, यातलं काहीच नाही.

अहवाल आधी मुलाच्या मोबाइलवर आला. ठळक अक्षरांत: “सीडी१९/सीडी५ दुहेरी पॉझिटिव्ह पेशी ६० टक्के, सीडी२३ अंशतः पॉझिटिव्ह. सीएलएलचा ठसा. अवशिष्ट आजार पॉझिटिव्ह.” त्यानं उपचार करणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांना फोन लावला. पहिलाच प्रश्न होता, “सर, नानांच्या रक्तात साठ टक्के आजार परत आलाय का?”

त्या ६० टक्क्यांचा छेद अहवालात कुठेही लिहिलेला नव्हता. सोबतच्या रक्ततपासणीवरून तो काढावा लागला. पांढऱ्या पेशी ५,२००, लिम्फोसाइट २४ टक्के, म्हणजे सुमारे १,२५०. बी पेशी लिम्फोसाइटच्या २ टक्के, म्हणजे दर मायक्रोलिटरला २५. त्या २५ पैकी ६० टक्के, म्हणजे १५. एकूण पांढऱ्या पेशींशी गुणोत्तर लावलं तर ०.२९ टक्के. आकडा एकच, बी पेशींवर मोजला की साठ, सगळ्या पांढऱ्या पेशींवर मोजला की एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. एमआरडीचा उंबरठा सगळ्या पांढऱ्या पेशींवरच मोजतात.

पण ०.२९ टक्केही उंबरठ्याच्या जवळपास तीसपट. छेद दुरुस्त केल्यानं घबराट कमी झाली, प्रश्न तसाच राहिला. त्या १५ पेशी कोणाच्या?

निर्णयाचा पहिला टप्पा: समोरचे पर्याय

पहिला पर्याय, व्हेनेटोक्लॅक्स लगेच पुन्हा सुरू करणं. घरच्यांचा कल इकडेच होता आणि तो समजण्यासारखा होता: अहवाल पॉझिटिव्ह, माणूस थकलेला. दुसरा, ॲकॅलॅब्रुटिनिबसारख्या बीटीके (बी पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) रोधक गोळ्यांवर जाणं. हे दोन्ही फार काळ विचारात राहिले नाहीत. सीएलएलमध्ये उपचार सुरू करतात ते आजार सक्रिय असल्याच्या खुणा दिसल्यावर: हिमोग्लोबिन १० च्या किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली घसरणं, प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटरहून मोठी होणं, मोठ्या गाठी, सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं, महिनाभर रात्री घाम फुटणं. पृष्ठभागावरच्या खुणांचा एकटा आकडा या यादीत नाही. इथे गाठी नव्हत्या, प्लीहा हाताला लागत नव्हती, वजन तेवढंच, प्लेटलेट १,९०,०००.

अडचण होती ती थकव्याची, कारण तीव्र थकवाही त्या यादीत येतो. शिवाय हिमोग्लोबिन ११.६ होतं. इथे एक गोष्ट नजरेतून सुटता सुटता राहिली: लाल पेशींचं सरासरी आकारमान १०१, म्हणजे पेशी फुगलेल्या. शुद्ध शाकाहारी घर. बी१२ तपासलं, १४० पिकोग्रॅम निघालं. थकव्याला स्वतंत्र कारण सापडलं आणि ‘थकवा अधिक पॉझिटिव्ह अहवाल’ ही साखळी तुटली.

तिसरा पर्याय बोनमॅरोचा. यावर दोन मतं होती. मॅरोत सीएलएलचा अंश बऱ्याचदा रक्ताहून जास्त सापडतो, म्हणून एका सहकाऱ्यानं आग्रह धरला. विरोधातला मुद्दा असा की उपचारानंतर सावरणाऱ्या मॅरोत हिमॅटोगोन, म्हणजे घडत असलेल्या बी पेशी, भरपूर असतात, गोंधळ वाढेल. आणि मॅरोत काहीही निघालं तरी आजचा निर्णय बदलणार नव्हता. ज्या तपासणीच्या उत्तरानं काही बदलत नाही ती सुई टोचून करायची कशाला, या मुद्द्यावर तो पर्याय बाजूला पडला.

चौथा: जुनी डेटा फाइल मागवायची आणि योग्य पॅनेलवर, म्हणजे खुणांच्या योग्य संचावर, रक्त पुन्हा तपासायचं. हाच निवडला.

काय केलं

पहिल्या प्रयोगशाळेनं कच्ची फाइल तक्रार न करता पाठवली, हे नोंदवायला हवं. उघडल्यावर चित्र स्पष्ट झालं. चार रंग: सीडी४५, सीडी१९, सीडी५, सीडी२३. एकूण ३०,००० इव्हेंट. त्यात बी पेशी १४४ आणि त्यांपैकी सीडी५ असलेल्या ८६. एवढ्या कमी इव्हेंटवर दहा हजारांत एक हा उंबरठा तपासताच येत नाही: ३०,००० मध्ये त्या पातळीला तीन पेशी येतील, आणि तीन ठिपक्यांना पुंजका म्हणत नाहीत. पुंजका मानायला किमान वीस इव्हेंट लागतात, आकडा विश्वासानं सांगायला पन्नास. दुसरं, फॉरवर्ड स्कॅटरची, म्हणजे पेशीच्या आकाराचा अंदाज देणाऱ्या प्रकाशसंकेताची, उंची नोंदलेलीच नव्हती, फक्त क्षेत्रफळ होतं. त्यामुळे जोडीनं गेलेल्या पेशी वेगळ्या काढता येईनात. बी पेशीला चिकटलेली टी पेशी यंत्राला एकच पेशी वाटते: सीडी१९ एकीचा, सीडी५ दुसरीचा, ठिपका थेट सीएलएलच्या जागेत. सीडी३ पॅनेलमध्ये असता तर अशा जोड्या निदान त्यावरून पकडता आल्या असत्या.

मुख्य संशय मात्र वेगळ्या ठिकाणी होता. सीडी२० विरुद्धच्या अँटिबॉडीनं बी पेशी जवळपास पुसून टाकल्यावर, औषधाचा अंमल उतरला की मॅरो नव्यानं बी पेशी पाठवू लागते. रक्तात आधी येतात त्या कोवळ्या, ट्रान्झिशनल बी पेशी. आणि या निरोगी कोवळ्या पेशींवर सीडी५ असतो. ज्या काळात रुग्णाच्या बी पेशी परतू लागतात, नेमका तोच काळ आजार परतण्याची भीती धरण्याचा. दोन्ही ‘सीडी१९ आणि सीडी५’ याच नावानं येतात.

नमुना पुन्हा घेतला. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळ्या दोन, प्रत्येकी ३ मिलिलिटर. मे महिना होता, म्हणून थर्माकोलच्या डब्यात, पण बर्फाशिवाय. १८ ते २५ अंश हवं, थंडीत मंद खुणा आणखी बिघडतात. डब्यावर ‘फ्रीजमध्ये ठेवू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, नाहीतर वाटेतला एखादा भला माणूस काळजीपोटी तेच करतो. रात्रीच्या गाडीनं पाठवून सोळा तासांत प्रयोगशाळेत पोहोचला.

तिथे अमोनियम क्लोराइडनं लाल पेशी आधीच एकगठ्ठा फोडून पांढऱ्या पेशी गोळा केल्या. पांढऱ्या पेशी ५,२०० असताना १०० मायक्रोलिटर रक्तात जेमतेम पाच लाख असतात आणि धुण्यात बऱ्याच जातात. दहा लाख इव्हेंट हवे असतील तर नेहमीची ‘१०० मायक्रोलिटर घ्या, रंगवा, मग फोडा’ पद्धत पुरत नाही. पहिल्या नळीत युरोपीय संशोधन गटानं २०१६ साली ठरवून दिलेल्या सहा खुणा: सीडी१९, सीडी२०, सीडी५, सीडी४३, सीडी७९बी, सीडी८१. सोबत सीडी४५ आणि सीडी३. दुसऱ्या नळीत सीडी१९, सीडी५, सीडी२०, सीडी१०, सीडी३८, काप्पा, लॅम्डा, सीडी४५. या दुसऱ्या नळीतल्या पेशी रंगवण्याआधी कोमट बफरनं तीनदा धुतल्या. प्लाझ्मातलं इम्युनोग्लोबुलिन राहिलं तर काप्पा-लॅम्डाच्या अँटिबॉडी त्यालाच चिकटतात आणि पेशी रिकाम्या दिसतात.

पडद्यावर काय दिसलं ते जरा थांबून पाहू. जोड्या आणि कचरा काढल्यावर पहिल्या नळीत ९,८०,००० पांढऱ्या पेशी उरल्या. बी पेशी ४,७१०. आधी सीडी१९ विरुद्ध सीडी५ चा प्लॉट. वर डाव्या कोपऱ्यात टी पेशींचा घट्ट ढग, सीडी५ सर्वांत तेजस्वी. बी पेशींच्या स्तंभात सीडी५ शून्यापासून वर चढत गेलेली एक शेपटी, सुमारे २,८०० ठिपक्यांची. सीएलएलमध्ये शेपटी नसते; आपल्या जागी बसलेला गोल पुंजका असतो. एवढ्यावरही अनुभवी डोळा सावध झाला असता. मग सीडी८१ विरुद्ध सीडी४३. शेपटीतल्या बहुतेक पेशी सीडी८१ च्या तेजस्वी टोकाला, सीडी४३ नगण्य, सीडी७९बी भरपूर. मूळ आजाराच्या बरोबर उलट. दुसऱ्या नळीत याच पेशींवर सीडी३८ ठळक, सीडी१० हलका, सीडी२० पूर्ण, आणि काप्पा-लॅम्डाचं प्रमाण १.४ ला १, म्हणजे अनेक वंशांच्या निरोगी पेशी.

इथे थांबून ‘आजार नाही’ असं लिहून टाकणं सोपं होतं, आणि ते चूक ठरलं असतं. सीडी८१ कमी, सीडी४३ स्पष्ट अशा कोपऱ्यात एक छोटासा, आवळलेला पुंजका बसला होता. सीडी२० मंद, सीडी७९बी मंद. ११८ ठिपके. एकूण पांढऱ्या पेशींच्या ०.०१२ टक्के. दुसऱ्या नळीत ४,१०,००० पेशींमध्ये सीडी२० मंद आणि सीडी१०, सीडी३८ नसलेल्या गेटमध्ये, म्हणजे पडद्यावर आखलेल्या चौकटीत, ४६ पेशी आल्या, त्यातल्या ४१ काप्पा. मूळ वंश तोच.

काप्पा-लॅम्डाचं प्रमाण सरसकट सगळ्या सीडी५ पेशींवर काढलं असतं तर हे चाळीस काप्पावाले हजारभर निरोगी पेशींत सहज लपले असते. प्रमाण योग्य आलं म्हणून क्लोन (एकाच वंशाच्या पेशी) नाही, असा अर्थ निघत नाही. आधी संशयित पेशी वेगळ्या काढायच्या, मग त्यांचंच प्रमाण पाहायचं.

निर्णयाचा दुसरा टप्पा

थोडक्यात, पहिल्या अहवालानं ज्यांना आजार म्हटलं त्यांतल्या चोवीसमधली एकच पेशी खरी सीएलएलची होती. आणि ती एक मात्र होती. उपचारांच्या शेवटी न सापडलेला आजार आता उंबरठ्याच्या किंचित वर, दहा हजारांत १.२.

घरच्यांना हे सांगणं पहिल्या फोनपेक्षा अवघड. “आजार नाही” ऐकायला सगळे तयार होते. डॉक्टरांनी आकडा पेशींच्या मोजणीत सांगितला: “नाना, रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात तुमच्या पाच हजार दोनशे पांढऱ्या पेशी आहेत. त्यात आजाराची एक पेशीसुद्धा धड भरत नाही, ०.६ येते. निदानाच्या व्याख्येत पाच हजार लागतात. ०.६ वरून तिथे जायला तेरा वेळा दुप्पट व्हावं लागेल.” तेरा दुपटींचा हिशेब शिक्षकाला लगेच पटला, कागद घेऊन त्यांनी स्वतः गुणाकार करून पाहिला. अर्थात गाठींत आणि मॅरोत वाढ वेगळ्या गतीनं होऊ शकते, म्हणून हात लावून तपासणी थांबवायची नाही, हेही तेव्हाच ठरलं.

ठरलं ते असं: औषध नाही. बी१२ ची इंजेक्शनं. दर तीन महिन्यांनी साधी रक्ततपासणी आणि गाठी-प्लीहेची तपासणी. फ्लो तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पॅनेलवर. ठरावीक मुदतीच्या उपचारानंतर नेहमीच्या व्यवहारात एमआरडी वारंवार मोजायची शिफारस नाही. इथे केली ती एका चुकीच्या अहवालामुळे उठलेला धुरळा खाली बसवायला.

निष्पत्ती

आठ आठवड्यांत हिमोग्लोबिन १२.९ झालं, थकवा गेला. तीन महिन्यांनी बी पेशी २५ वरून ६१ वर गेल्या आणि त्यातलं सीडी५ वाल्यांचं प्रमाण ६० वरून २८ टक्क्यांवर उतरलं. कोवळ्या पेशी पिकत होत्या. त्या सगळ्या पेशी आजाराच्या असत्या तर हा आकडा चढला असता. पहिल्या अहवालाविरुद्धचा सर्वांत साधा पुरावा हाच होता, फक्त तो मिळायला तीन महिने थांबावं लागलं.

सीएलएलचा पुंजका तीन महिन्यांनी ०.०१५ टक्के, सहा महिन्यांनी ०.०१७. हे वाढलं असं म्हणता येत नाही. ११८ पेशी मोजताना नुसत्या मोजणीची चूक नऊ टक्क्यांच्या आसपास, त्यावर रंगवण्या-धुण्याची आणखी. बारा महिन्यांनी मात्र ०.०६ निघाला. पाचपट म्हणजे खरी, सावकाश वाढ. लिम्फोसाइट १,६००, गाठी नाहीत, हिमोग्लोबिन १३.४. औषधाविना देखरेख चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मागणीपत्रावर तीन ओळी पुरल्या असत्या: मूळ ठसा, दिलेली औषधं, सीडी२० विरोधी अँटिबॉडीचा शेवटचा डोस कधी. या तिसऱ्या ओळीचं मोल जास्त. डोस नुकताच झालेला असेल तर औषधच सीडी२० झाकून बसतं आणि सगळ्या बी पेशी सीडी२० नसलेल्या दिसतात. दीड-दोन वर्षं झाली असतील तर कोवळ्या पेशींची अपेक्षा ठेवून गेट लावायचं.

थकव्यासाठी आधी बी१२, थायरॉइड, लोह पाहून मग फ्लोचा विचार झाला असता, तर बहुधा फ्लो लिहिलाच गेला नसता. लाल पेशींचं आकारमान १०१ पहिल्याच कागदावर छापलेलं होतं.

दुसऱ्या तपासणीतही एक उणीव राहिली. काप्पा-लॅम्डाच्या नळीत चार लाखच पेशी घेतल्या, त्यामुळे ४६ ठिपक्यांवर निष्कर्ष काढावा लागला, पन्नासच्या आतच. दुसरी नळीही दहा लाखांपर्यंत चालवली असती तर शंभरावर पेशी मिळाल्या असत्या. शिवाय सीडी८१ आणि सीडी४३ त्या नळीत नसल्यानं गेट सीडी२० च्या मंदपणावर टेकवावं लागलं. वीस महिन्यांनी औषध उतरलेलं असल्यामुळे ते चाललं. सहा महिन्यांनी चाललं नसतं. बारा महिन्यांच्या तपासणीत सीडी१० च्या जागी सीडी४३ घालून ही फट बुजवली.

मूळ निदानाचा अहवालही सहज मिळाला नाही. रुग्णाकडच्या झेरॉक्सवर फक्त ‘सीडी५, सीडी१९, सीडी२३ पॉझिटिव्ह’ एवढंच वाचता येत होतं. मंद, ठळक हे शब्द आणि काप्पाची नोंद पहिल्या रुग्णालयाच्या नोंदींतून काढायला चार दिवस गेले. आता तो मूळ अहवाल, शेवटच्या अँटिबॉडीची तारीख आणि प्रत्येक एमआरडीपुढे ‘एकूण पांढऱ्या पेशींपैकी’ असा छेद, हे तिन्ही रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे. अक्षर नानांचंच आहे.